जर्मनचं ए१ (अगदी सुरुवातीच्या) पातळीचं पुस्तक आणि त्याचा ऑडिओ: अनेक महिन्यांच्या वापरानंतर

रोजच्या वापरानंतर एक मत पक्कं झालंय. पुस्तक आधी उघडलं की ऑडिओचा निम्मा उपयोग तिथेच संपतो. जर्मनमध्ये शब्दाच्या शेवटी आलेल्या ब, ड, ग यांचा उच्चार प, ट, क असा होतो. पानावर 'ताग' (दिवस) दिसतं, ट्रॅकवर 'ताक' म्हणतात, आणि डोळ्यांनी आधी वाचलं असेल तर कान तो 'क' सोडून देतो.

म्हणून नव्या पाठाचा संवाद पुस्तक मिटून तीन-चारदा ऐकावा. मग पुस्तक उघडून ऐकताना पेन्सिलीने दोनच खुणा कराव्यात: जोर कुठे पडला आणि काय गिळलं गेलं. ('हाबन', म्हणजे 'जवळ असणं', याचं बोलताना सर्रास 'हाबम्' होतं.) अर्थ, व्याकरण त्यानंतर. शेवटी निवेदकाच्या किंचित मागे राहून त्याच्याबरोबर बोलायचं.

उच्चार देवनागरीत लिहून ठेवायचा मोह आवरा. दोन टिंबांचा 'ऊ' (ü) वहीत 'यू' झाला की जिभेवरही 'यू'च बसतो. खरं तर जीभ 'ई'च्या जागी आणि ओठ 'ऊ'सारखे गोल हवेत. 'त्साइट' (वेळ) मधला 'त्स' मात्र आपल्याला फुकटात मिळतो, 'चाक'मधला च तोच.

सर्वांत जास्त फायदा श्रुतलेखनाचा. पाच-सहा वाक्यं पुरतात. नामाआधी येणारी 'देम' (चतुर्थीचं रूप) आणि 'देन' (द्वितीयेचं रूप) वेगात जवळपास सारखीच ऐकू येतात, पण 'मित'नंतर चतुर्थी येते हे माहीत असलं की 'मित देम बुस' (बसने) नेमकं लिहिता येतं. इथे व्याकरण कानाला मदत करतं. दुसऱ्या दिवशी मराठी अर्थावरून तीच वाक्यं तोंडी उभी करायची. इथे बहुतेकांचं घोडं अडतं, कारण ऐकून कळणं आणि स्वतः बोलता येणं यात बरंच अंतर आहे.

व्हीएलसी या प्लेअरमधलं ए-बी लूप (निवडलेल्या दोन जागांमधला भाग पुन्हा पुन्हा वाजवणारी सोय) वापरून एकच वाक्य फिरवता येतं. वेग मात्र मूळच्या ०.८ पटीच्या खाली नेऊ नये. स्वर ताणले जातात, शब्दांचे सांधे तुटतात.

उणीव म्हणाल तर स्टुडिओतले आवाज फार स्वच्छ आणि संथ, त्यामुळे खरं संभाषण सुरुवातीला धावतं वाटणारच. सुट्या शब्दांचे ट्रॅक खुशाल वगळा.

पुस्तक घेताना ऑडिओची पूर्ण संहिता आणि उत्तरं मागे छापलेली आहेत का ते बघा. संहिता नसेल तर श्रुतलेखन तपासणार कशाशी?