चोंगचिंगची केबल कार आणि गुडघ्याचं औषध

चीनमधल्या चोंगचिंगला जायचा बेत असेल, आणि सोबत वयस्क माणूस असेल, तर हे आधी वाचून ठेवा. भारतीयांना चीनचा पर्यटक व्हिसा पुन्हा मिळू लागला आणि रील्सनी या शहराचं वेड लावलं. इमारतीच्या पोटातून जाणारी लिझिबाची मोनोरेल, रात्री उजळणारं होंग्याडोंग हे कड्याला बिलगलेलं बहुमजली संकुल, यांगत्से आणि जियालिंग या नद्यांचा संगम. शहर बघण्यासारखं आहेच, त्याबद्दल तक्रार नाही. पण तिथली लुबाडणूक तिथल्या चढउतारांवर पोसलेली आहे.

अख्खं शहर डोंगरउतारावर बांधलंय. होंग्याडोंगमध्ये नदीकाठच्या रस्त्यावरून शिरायचं, अकराव्या मजल्यावर बाहेर पडायचं, तर तिथेही समोर रस्ताच, गाड्या धावताहेत. मोबाइलच्या नकाशातला ठिपका बरोबर जागी पोचतो, मात्र ती जागा तुमच्या डोक्यावर आहे की पायाखाली, हे तो दाखवत नाही. पायऱ्या चढून-उतरून माणूस मेटाकुटीला येतो आणि दलाल नेमका तिथेच उभा असतो.

आमच्या बाबतीत तो यांगत्सेवरच्या केबल कारच्या रांगेत भेटला. दलाल म्हणजे बाई. ही केबल कार १९८७ सालची. स्थानिक लोक नदी ओलांडून कामाला जायला ती वापरायचे, आता पर्यटकांचीच झुंबड असते. रांग पार फुटपाथवर आलेली. आई गुडघा चोळत कठड्याला टेकली, तेवढ्यात गळ्यात ओळखपत्र अडकवलेली ही बाई आली आणि भाषांतराचं अ‍ॅप आमच्यासमोर धरलं: रांग तीन तासांची आहे, आजींना झेपणार नाही, माझ्याकडे जलद प्रवेशाचं तिकीट आहे, माणशी १२० युआन. (१ युआन म्हणजे साधारण १२-१३ रुपये.) खिडकीवर एका बाजूचं तिकीट २० युआनला मिळतं. पैसे मात्र तिला रोखच हवे होते. यामागची मेख नंतर कळली. परदेशी कार्ड जोडलेल्या पेमेंट अ‍ॅपवरून खासगी माणसाच्या खात्यात सहसा पैसे जातच नाहीत, फक्त दुकानांना जातात. शिवाय रोखीचा माग राहत नाही. चीनमध्ये भाजीवालासुद्धा क्यूआर कोड पुढे करतो; तिथे कुणी अडून रोख मागत असेल तर लगेच चालू पडा.

जलद प्रवेश वगैरे काही नव्हतंच. आम्हाला एका व्हॅनमध्ये बसवलं, पुलावरून नदी पार केली. पलीकडच्या दक्षिण काठाच्या स्टेशनावर रांग छोटी असते, तिथून उलट दिशेने चढवायचं, एवढीच तिची युक्ती. हाच पल्ला मेट्रोच्या ६ नंबर लाइनवर शिआओशिझी ते शांगशिनजिए असा एका स्टेशनाचा आहे आणि भाडं २ युआन.

पण व्हॅन स्टेशनाआधीच थांबली. ‘आजींना जरा विश्रांती.’ आत जडीबुटीचं दुकान. पांढऱ्या कोटातल्या गृहस्थाने आईला बसवलं, गरम पाणी दिलं, नाडी बघितली आणि गुडघ्यावर बोट ठेवलं. भारतातून आलोय म्हटल्यावर त्याने हात जोडून ‘के दीहुआ’ म्हटलं. हे डॉ. कोटणीसांचं चिनी नाव. आम्ही मूळचे सोलापूरचे, कोटणीसांच्याच गावचे. १९३८ मध्ये भारतातून गेलेलं त्यांचं वैद्यकीय पथक येनानला, म्हणजे चिनी कम्युनिस्टांच्या तेव्हाच्या मुख्य ठाण्यावर, जाण्याआधी याच शहरात येऊन राहिलं होतं. आईचे डोळे भरून आले. मला अजूनही चीड येते ती पैशांपेक्षा याची. युद्धात जखमी सैनिकांवर उपचार करता करता बत्तिसाव्या वर्षी चीनमध्येच वारलेल्या माणसाचं नाव त्या दुकानात गिऱ्हाईक मऊ करायला वापरतात.

पुढचा खेळ ठरलेला. बरणीवर ५८ हा आकडा. चिनी बाजारात भाव बहुधा ‘जिन’चा, म्हणजे ५०० ग्रॅमचा असतो, तसाच हाही वाटतो. मुळ्या वजनकाट्यावर ठेवल्या, ४०० ग्रॅम भरल्या आणि आम्ही हो-नाही म्हणेपर्यंत यंत्रात घालून त्यांची पूड केली. मग बिल आलं २,३२० युआनचं. ५८ हा १० ग्रॅमचा भाव होता, बरणीच्या मागच्या बाजूला मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलेला. नको म्हटलं तर उत्तर तयार: पूड झालेला माल परत घेता येत नाही. पूड करण्याची घाई असते ती यासाठीच. दारात दोन तरुण येऊन उभे राहिले. बोलले काही नाहीत. मी फोनवर ११०, म्हणजे तिथल्या पोलिसांचा नंबर, लावून स्क्रीन त्या पांढऱ्या कोटवाल्याला दाखवला. आकडा १,२०० वर आला. आईला तिथून बाहेर काढायचं होतं, म्हणून दिले, पण अ‍ॅपवरून आणि पावती घेऊन. बरणीचा दोन्ही बाजूंनी फोटोही काढला.

ते कामाला आलं. हॉटेलच्या रिसेप्शनवरच्या मुलीने १२३१५ या ग्राहक तक्रारीच्या नंबरवर आमच्या वतीने फोन केला. अ‍ॅपच्या नोंदीत दुकानाचं नोंदणीकृत नाव असतं, ते तिने वाचून दाखवलं. (पर्यटकांच्या तक्रारी १२३४५ वरही घेतात, पण बोलणारं चिनी माणूस सोबत हवं.) एरवी दोन वाक्यांपलीकडे न बोलणारी ती मुलगी दुकानदारावर अशी काही कडाडली की लॉबीतले लोक वळून बघायला लागले. परतीच्या विमानाआधी १,२०० युआन खात्यात जमा झाले. व्हॅनवालीला दिलेले रोख पैसे गेले ते गेलेच. तिचं ना नाव ना नंबर, आणि ओळखपत्रावर, फोटो मोठा करून त्या मुलीला दाखवला तेव्हा कळलं, कुठल्याशा जिमचं नाव होतं.