ताडोबा की अलंग-मदन-कुलंग : नाशिकहून तीन दिवस कुठे घालवावेत

निकाल आधी सांगून टाकतो. घरातले ज्येष्ठ आणि लहान मुलं बरोबर असतील तर ताडोबा, पण तीन सफाऱ्या हातात असतील तरच. पायांना चढाची सवय असेल तर घोटीजवळच्या अलंग-मदन-कुलंग या तीन किल्ल्यांचा ट्रेक, पण दोर कोण सांभाळणार हे कळल्याशिवाय ॲडव्हान्स देऊ नका. दोन्हीकडे पैसे नेमके कशाचे जातात हे ध्यानात न घेता बुकिंग केलं की हिरमोड ठरलेला.

ताडोबात पैसे वाघाचे नसतात. ठरावीक गेट, ठरावीक पाळी आणि जिप्सीतली (उघड्या जीपमधली) जागा यांचे असतात. व्याघ्र प्रकल्पाचं क्षेत्र १,७०० चौरस किलोमीटरहून जास्त आहे, त्यातला कोअर, म्हणजे आतला मुख्य संरक्षित भाग, साधारण ६२५; भोवतीचा बाकीचा भाग म्हणजे बफर. नाशिकहून सिन्नरजवळ समृद्धी महामार्ग पकडायचा, वर्ध्याजवळ उतरून हिंगणघाट, वरोऱ्यामार्गे मोहर्ली. अंतर सहाशे किलोमीटरहून अधिक. जेवणखाण धरून दहा तास लागतातच. काँक्रीटवर सलग वेगात टायर तापतात, म्हणून निघण्याआधी गार टायरमध्ये हवा तपासून घ्या. झिजलेल्या टायरवर हा प्रवास करूच नका.

पहिल्या दिवशी दुपारची सफारी कधीही घेऊ नका. पहाटे चारला निघालं तरी वाटेत एक पंक्चर झालं की गेटची वेळ चुकते. गेट कुणासाठी थांबत नाही आणि पैसे परत मिळत नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळ-दुपार कोअर, तिसऱ्या दिवशी सकाळी बफर आणि मग परतीचा रस्ता, हा क्रम चांगला जमतो. कोअर मंगळवारी बंद असतो आणि पावसाळ्यात जुलै ते सप्टेंबर बंद. डिसेंबर आणि मे महिन्यातल्या शनिवार-रविवारची परमिटं लवकर संपतात.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो गेटचा. मोहर्ली चंद्रपूरच्या बाजूला, कोलारा चिमूरच्या बाजूला. मुक्काम मोहर्लीत आणि परमिट कोलाऱ्याचं निघालं, तर बाहेरून मोठा वळसा पडतो आणि पहाटेची पाळी हातची जाते. म्हणून आधी परमिट काढा, रिसॉर्ट नंतर बघा. एजंट "सफारी कन्फर्म आहे" म्हणाला तरी गेट, तारीख, पाळी आणि प्रत्येकाचं नाव असलेली परमिटची प्रत मागून घ्या. नाव ओळखपत्राशी जुळलं नाही तर गेटवर अडवतात. कोअरमध्ये मोबाईलला परवानगी नसते, तेव्हा फोटो हवे असतील तर कॅमेरा न्या.

जिप्सीत सहा जण बसतात, पण मधल्या जागेवरच्या माणसाला दोन्हीकडे डोकीच दिसतात. चौघांनी घेतलेली गाडी महाग पडते, पण प्रत्येकाला बाजू मिळते. कॅमेरा असेल तर हा खर्च कराच. गाइड आणि चालक गेटवर पाळीप्रमाणे मिळतात, निवडता येत नाहीत. चांगला गाइड मात्र पहिल्या दहा मिनिटांत कळतो. पहाटे धुळीच्या रस्त्यावर ठसा दिसला की तो गाडी थांबवून खाली बघतो. ठशावरून टायरची नक्षी गेली असेल तर वाघ त्या गाडीच्या आधी गेलेला. नक्षीवर ठसा उमटला असेल तर वाघ नंतर आलेला, म्हणजे पुढचा अर्धा तास तिथेच थांबण्यात अर्थ आहे. वाघाची चाहूल इतर प्राण्यांच्या ओरडण्यावरूनही लागते: चितळ घाबरून उगाचही ओरडतं, सांबर सहसा फसवत नाही, आणि वानर झाडावरून बघून खेकरत असतं, त्यामुळे त्याचं तोंड कुठे वळलंय ते बघायचं. हे समजावून सांगणारा गाइड भेटला की वाघ न दिसताही सकाळ सार्थकी लागते. अस्वल, गवे, रानकुत्री, तलावातल्या मगरी यांच्यासाठीही गाडी थांबवायला सांगा. चालक तुम्ही मागाल तेच दाखवतो. वाघाभोवती गाड्यांचा गराडा पडला असेल तर आपली गाडी मागे ठेवायला सांगा. वाट मोकळी मिळाली तर तो निवांत चालत येतो.

एप्रिल-मे महिन्यांत पाणवठ्यावर वाघ दिसण्याची शक्यता सगळ्यात जास्त, पण चंद्रपूरचं ऊन ४५ अंशांच्या पुढे जातं. डोक्याला ओला पंचा, माणशी दोन लिटर पाणी आणि ओआरएस लागतंच. सत्तरीच्या माणसांना मेमधली दुपारची पाळी देऊ नका.

आता डोंगर. घोटीहून आंबेवाडी सुमारे ३२ किलोमीटर. नाशिकहून दोन तासांत पायथा. प्रवासात दिवस जात नाही, हा नाशिककरांचा मोठा फायदा. बहुतेक बॅच पहिल्या दिवशी अलंग, दुसऱ्या दिवशी मदन आणि शेवटी कुलंग करतात. अलंग आणि मदनच्या वाटेवरच्या पायऱ्या इंग्रजांनी सुरुंग लावून उडवल्या, म्हणून तिथे कातळ दोर लावूनच चढावा लागतो. कुलंगला दोर लागत नाही, पण चढ संपता संपत नाही.

मदनचा कातळ साधारण ५० फुटांचा. खाली दरी. हार्नेस (कमरेचा सुरक्षा पट्टा) तपासणं, गाठ बांधणं, माणूस वर जाणं आणि दोर परत खाली येणं यात माणशी दहा मिनिटं जातात. पंचवीस जणांची बॅच म्हणजे अडीचशे मिनिटं, चार तासांहून जास्त. उतरायला पुन्हा वेळ. त्यात शनिवारी दुसरा ग्रुप आधी पोचला असेल तर खिंडीतच अंधार पडतो. या सेवेचं परीक्षण करताना आम्ही सगळ्यात आधी बॅच किती जणांची हेच विचारतो. बारापेक्षा जास्त असेल तर स्वस्त असूनही नको.

आयोजकाला फोनवरच आणखी काही विचारा. दोर बांधायला एकमेकांपासून स्वतंत्र असे किमान दोन आधार असतात का? रॅपलिंगला, म्हणजे दोरावरून उतरताना, दुसरा सुरक्षा दोर देता का? हेल्मेट प्रत्येकाला मिळतं की आळीपाळीने? दोर जिथे कड्यावर घासतो तिथे खाली काय ठेवता? उत्तर देताना माणूस अडखळला तर विषय संपला. महाराष्ट्राच्या २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणानुसार पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी लागते, तीही विचारा. वर गेल्यावर तुमचं काम एवढंच: दोरावर पाय द्यायचा नाही, कारण बुटाखालची वाळू आत शिरून धागे कापते. रॅपलिंगच्या आधी केस, ओढणी, शर्टाचं टोक आत खोचायचं. ते डिसेंडरमध्ये, म्हणजे उतरताना दोर ज्यातून सरकतो त्या उपकरणात, अडकलं की माणूस मधेच लटकतो. आणि खालचा हात दोरावरून सोडायचा नाही.

भीती कातळाची वाटते, पण पाय घसरतो तो किल्ल्यांमधल्या आडव्या वाटेवर. एका अंगाला कडा, दुसऱ्या अंगाला दरी, पायाखाली घसारा आणि वाळलेलं गवत. तिथे दोर लावलेला नसतो. तळवा झिजलेले बूट इथे दगा देतात. सॅक आठ किलोच्या आत ठेवा, पाठीवर घट्ट बांधा. बाहेर लोंबणारी मॅट कड्याला धडकून तोल घालवते. दिवसाला चार लिटर पाणी धरा. गडांवर टाकी आहेत, पण मदनचं पाणी लवकर आटतं. कपड्याने गाळून क्लोरीनचे थेंब टाका. आग्या मोहोळ असतात, म्हणून अत्तर नको, धूर नको, आरडाओरडा नको.

हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पावसात कातळ निसरडा, मेमध्ये हात टेकवत नाही. म्हणजे डिसेंबरात सुट्टी मिळाली तर डोंगर, मेमध्ये मिळाली तर ताडोबा, हे ऋतूच बरंचसं ठरवून देतो. आंबेवाडीतला एक तरी वाटाड्या बॅचबरोबर असावा. खिंडीतून कुठे उतरायचं हे त्याला अंधारातही कळतं आणि जेवणाची सोयही गावातच होते.

दोराची भीती वाटते आणि ताडोबाचं परमिटही मिळालं नाही, तर सटाणा-ताहाराबादमार्गे साल्हेर करा. उंची १,५६७ मीटर, महाराष्ट्रातला सर्वात उंच किल्ला. मराठे आणि मुघलांची १६७२ ची लढाई इथलीच आणि २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलेल्या बारा किल्ल्यांत हाही आहे. वाघांब्याच्या बाजूने चढून साल्हेरवाडीकडे उतरायचं असेल, तर गाडी पलीकडे आणायला चालकाशी आधीच बोलून ठेवा.