शाळेत येणारं नाटक आणि पाठोपाठ कार्यशाळा: बोलावण्याआधी हे वाचा

नाटकाच्या संस्थेला शाळेत बोलावताना मुख्याध्यापक पहिला प्रश्न विचारतात तो 'किती मुलं बघू शकतील?' हा. आमच्या शाळेत आलेल्या संस्थेचं उत्तर होतं, एका प्रयोगाला दीडशे, त्याहून एकही जास्त नाही. आमचं सभागृह मोठं आहे, सहावी ते आठवीच्या सगळ्या तुकड्या दाटीवाटीने मावल्या असत्या. त्यांनी शांतपणे नकार दिला आणि त्याच दिवशी दोन प्रयोग करायची तयारी दाखवली. कार्यशाळेसाठी आकडा आणखी लहान होता: एका मार्गदर्शकामागे एकच तुकडी, आणि वर्गशिक्षक पूर्ण वेळ वर्गात हजर. हजर म्हणजे कोपऱ्यात वह्या तपासत बसलेले नव्हे, हेही त्यांनी लेखी कळवलं होतं. मी शाळेत भाषा शिकवते आणि मुलांची नाटकं बसवते. त्यामुळे या अटी वाचूनच मला ही मंडळी जाणती वाटली.

त्यांची अट हौसेची नाही, त्यामागे परंपरा आहे. 1965 साली इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्री शहरात बेलग्रेड थिएटरने खास शाळांसाठी एक संच उभा केला. त्यातली माणसं अभिनयही करत आणि शिकवतही. 'थिएटर इन एज्युकेशन' हा प्रकार तिथून नावारूपाला आला. नाटक दाखवून निघून जायचं नाही, मुलांना त्या गोष्टीत ओढायचं, त्यांना विचार करायला आणि निर्णय घ्यायला लावायचं, हा त्याचा गाभा. तीनशे मुलांसमोर हे होत नाही. तीनशे मुलांसमोर फक्त टाळ्या मिळतात.

नाटक पन्नास मिनिटांच्या आतबाहेरचं. चार नट, दोन बाक, एक दोरी आणि त्या दोरीवर वाळत घातलेले कपडे. कपडे बदलले की घर, शाळा, मैदान. रंगमंच त्यांनी वापरलाच नाही. सभागृहाच्या मध्ये जमिनीवर जागा मोकळी ठेवली, तीन बाजूंनी मुलं बसवली. ध्वनिक्षेपकही नाही. आमच्या सभागृहात आवाज घुमतो. पहिल्या प्रवेशात मागच्या रांगांना शब्द पोहोचत नव्हते, हे बहुधा नटांच्याच लक्षात आलं. दुसऱ्या प्रवेशापासून त्यांनी बोलण्याचा वेग उतरवला आणि सगळं काम दोन पावलं पुढे आणलं. प्रयोग न थांबवता हे करायला तालमी कसून झालेल्या असाव्या लागतात.

गोष्ट साधी आहे. चार मैत्रिणी. त्यातली एक म्होरकी. एके दिवशी मोबाइलवर नवा गट तयार होतो आणि त्यात नायिकेला घेतलेलं नसतं. कुणी तिला शिवी देत नाही, मारत नाही. डबा खायला बसताना तिच्यासाठी जागा उरत नाही, एवढंच. एक मैत्रीण हे बघते, तिला ते आवडत नाही, तरी ती गप्प राहते. नायिका शिक्षिकेला सांगते, आईला सांगायचं टाळते, शेवटी शाळेत यायचंच नाकारते. नाटक तिथे तुटतं. मोठा आवाज नाही, अंधार नाही, समजूतदार भाषण नाही. मुलं एकमेकांकडे बघत राहिली, कारण शेवट झालेलाच नव्हता.

मग खरं काम सुरू झालं. ब्राझीलचे नाट्यकर्मी ऑगुस्तो बोआल यांनी 1970 च्या दशकात 'फोरम थिएटर' नावाची पद्धत घडवली. तिच्यात नाटक एकदा पूर्ण दाखवतात, मग पुन्हा सुरू करतात, आणि प्रेक्षकाला वाटेल तिथे तो 'थांबा' म्हणून स्वतः पात्राच्या जागी उभा राहतो. बाकीचे नट आपली पात्रं सोडत नाहीत, ते त्याला खराखुरा विरोध करतात. दोन्हीकडचा दुवा असलेल्या सूत्रधाराला बोआल 'जोकर' म्हणत. पत्त्यांतला जोकर, कुठल्याच रंगाचा नसलेला. आमच्याकडे आलेली ही सूत्रधार ताई तिशीची असेल. तिच्या कामासाठी मी हा अभिप्राय लिहिते आहे म्हटलं तरी चालेल.

सहावीतली एक मुलगी पहिल्यांदा उठली आणि तिला म्होरकीच्याच जागी जायचं होतं. 'मी तिला चांगलं वागायला लावते.' ताईने तिला थांबवलं. म्हणाली, 'म्होरकी तुझ्या सांगण्यावरून बदलणार असती तर नाटक झालंच नसतं. तिच्यासमोर जी उभी आहे तिची जागा घे.' मुलगी हिरमुसली, माझ्या शेजारी बसलेल्या सहकारी शिक्षिकेलाही ते कठोर वाटलं. मला ते बरोबर वाटलं, आजही वाटतं. खऱ्या वर्गात मुलांच्या हातात समोरच्याचा स्वभाव नसतो. त्यांच्या हातात असतं ते आपलं पुढचं वाक्य.

पुढे एकाने नायिका होऊन म्होरकीला सुनावलं, आणि म्होरकी झालेली नटी फक्त हसली आणि बाकीच्या दोघींकडे बघितलं. एवढ्यात त्या मुलाचा आवेश ओसरला. दुसऱ्याने सांगितलं की नायिकेचे बाबा अचानक मोठे अधिकारी होऊन येतात. ताईने प्रेक्षकांना विचारलं, 'हे घडेल?' आणि मुलं ओरडली, 'जादू!' हा शब्द तिने सुरुवातीला शिकवून ठेवला होता: जो उपाय प्रत्यक्षात होणं शक्य नाही त्याला 'जादू' म्हणायचं. बोआल यांच्या पद्धतीतलीच ही युक्ती. मुलांनी तिचा इतका कडक वापर केला की मोठ्यांनी सुचवलेला एक उपायही त्यातून सुटला नाही.

सगळ्यात चांगला प्रयत्न एका सातवीतल्या मुलाचा. त्याने नायिकेची जागा मागितली नाही, त्या गप्प राहणाऱ्या मैत्रिणीची मागितली. डब्याच्या प्रवेशात तो काहीच बोलला नाही. उठला, आपला डबा घेऊन नायिकेच्या बाकावर जाऊन बसला. म्होरकीने आवाज दिला, तो तिथेच बसून राहिला. नटीने टोमणा मारला, दुसरा मारला, आणि मग तिलाच काय करावं सुचेना. ताईने प्रवेश थांबवला आणि त्याला विचारलं, 'आता तुला काय वाटतंय?' तो म्हणाला, 'भीती. उद्या माझ्याबरोबर कोण बसणार?' ताईने त्यावर शाबासकी दिली नाही, धीर दिला नाही. तिने हा प्रश्न सगळ्या सभागृहाला दिला. उद्या याच्याबरोबर कोण बसणार? त्यानंतरची दहा मिनिटं मी आजवर शाळेत ऐकलेल्या चर्चांमधली सगळ्यात खरी चर्चा होती.

आता तक्रार. नाटकातल्या शिक्षिकेचं पात्र वरवरचं लिहिलेलं आहे. तिला दोन वाक्यं आहेत, ती कायम घाईत असते, तक्रार ऐकून 'मिळूनमिसळून राहा गं' म्हणते आणि निघून जाते. मुलं यावर मनापासून हसली. तशा शिक्षिका असतात, मी नाकारत नाही. पण पहिल्या प्रयोगात तीन मुलांनी 'बाईंना सांगू' हा उपाय मांडला आणि तिन्ही वेळा नटीने तेच घाईचं वाक्य फेकलं. मुलांच्या मनात काय उरलं असेल? मोठ्यांना सांगून उपयोग नाही, एवढंच. छळ होत असलेल्या मुलाने विश्वासातल्या मोठ्या माणसाला सांगणं ही सर्वांत महत्त्वाची वाट आहे. ती वाट नाटकाने बंद करता कामा नये.

मधल्या सुट्टीत मी हे ताईला सांगितलं. तिने बचाव केला नाही. दुसऱ्या प्रयोगात पुन्हा एका मुलीने 'बाईंना सांगते' म्हटलं, तेव्हा ताईने तिला लगेच प्रवेशात ढकललं नाही. आधी विचारलं: कुठल्या बाईंना? कधी, तास संपल्यावर की एकट्या असताना? पहिलं वाक्य काय असेल? मुलीने दोनदा वाक्य बदललं. शेवटी ती नटीसमोर म्हणाली, 'बाई, मला पाच मिनिटं हवीत आणि हे भांडण नाहीये.' शिक्षिका झालेली नटी थांबली, खाली बसली. प्रयोगाच्या मधोमध आपलं पात्र असं बदलायची मोकळीक नटांना असणं आणि त्यांनी ती वापरणं, याला मी फार गुण देते. तरीही मूळ संहितेत हे पात्र दुरुस्त व्हायला हवं. दर शाळेत कुणी मधल्या सुट्टीत सांगेलच असं नाही.

कार्यशाळा त्याच आठवड्यात झाल्या. सहावीच्या वर्गात बाकं भिंतीला लावली. सुरुवात चालण्या-थांबण्याच्या खेळांनी. शिकागोत काम केलेल्या व्हायोला स्पोलिन यांनी अभिनय शिकवण्यासाठी असे खेळ रचले आणि 1963 मध्ये पुस्तकरूपात आणले; आज जगभरच्या नाट्यवर्गांत ते किंवा त्यांची भावंडं खेळली जातात. मुलांना ते खेळ वाटतात आणि त्यातच त्यांचं लक्ष एकवटतं, संकोच गळतो. मग गटागटाने स्तब्धचित्रं, म्हणजे न हलता, न बोलता उभं राहून दाखवलेले प्रसंग: प्रसंगाच्या आधीचं, प्रसंगाचं, नंतरचं. मार्गदर्शकाने चित्रातल्या एकेकाच्या खांद्याला हात लावला की त्या पात्राने मनातलं एक वाक्य बोलायचं. म्होरकी झालेल्या मुलीच्या तोंडून आलं, 'मी नाही केलं तर माझ्यावर येईल.' नाटकात हे वाक्य कुठेही नव्हतं.

यानंतर मार्गदर्शक दादा बाहेर गेला आणि खांद्यावर एक पिशवी अडकवून परत आला. आता तो नायिकेचा मामा होता. 'ती शाळेत यायला नाही म्हणते. तुम्हाला काही माहीत आहे का?' शिक्षकाने स्वतः भूमिकेत शिरून वर्ग चालवण्याची ही रीत इंग्लंडच्या डोरोथी हीथकोट यांनी मोठी केली. मी वाचून होते, पण इतक्या जवळून पाहिलं नव्हतं. वर्ग गप्प. मुलांना सगळं माहीत होतं, त्यांनीच चित्रं उभी केली होती. एक मुलगा म्हणाला, 'काही नाही झालं.' मामाने मान डोलावली, 'बरं,' म्हणाला आणि जायला वळला. तेव्हा दाराजवळच्या मुलीने त्याला थांबवलं. दादाने पिशवी काढून ठेवली, पुन्हा दादा झाला, आणि 'काही नाही झालं' म्हणणाऱ्याला न रागावता विचारलं, ते वाक्य कुणाला वाचवायला होतं? त्या मुलाने बराच वेळ घेतला. दादानेही त्याला तो दिला.

तास संपताना सगळ्यांकडून भूमिका उतरवून घेतली: हातपाय झटकायचे, आपलं नाव मोठ्याने सांगायचं, आज घरी जाऊन काय करणार ते सांगायचं. अनेक संस्था ही पायरी घंटा झाली म्हणून गाळतात. म्होरकी झालेल्या मुलीला पुढच्या तासाला कुणी त्याच नावाने हाक मारू नये, यासाठी ती अत्यंत आवश्यक आहे.

आठवीची कार्यशाळा मात्र फसली. दीड तासात खेळ, प्रसंगलेखन, तालीम आणि सादरीकरण, असा बेत होता. मार्गदर्शक वेगळा होता आणि 'संघर्ष दाखवा' एवढ्याच सूचनेवर त्याने मुलांना सोडलं. पाचही गटांनी आरडाओरडा आणि थोबाडीत मारणं दाखवलं. पात्र कुठे उभं आहे, त्याच्या हातात काय आहे, त्याला समोरच्याकडून काय हवं आहे, हे तीन प्रश्न जरी विचारले असते तरी प्रसंग उभे राहिले असते. या वयाला कमी ऐवज आणि जास्त वेळ लागतो. एकच प्रसंग, बिनशब्दांचा, तीनदा करून बघणं पुरेसं होतं.

शिक्षकांसाठी दिलेली पुस्तिकाही कच्ची आहे. 'नाटक कसं वाटलं?', 'तुम्ही काय शिकलात?' असे प्रश्न मुलं पाठ उत्तरांनी भरून टाकतात. मी ते बाजूला ठेवले आणि नायिकेने न पाठवलेला निरोप लिहायला सांगितला.

एका गोष्टीचा उल्लेख राहू नये. आमच्याकडे काही मुलांना अचानक आलेला आवाज सहन होत नाही. संस्थेने आठवडाभर आधी एक पान पाठवलं होतं: नाटकात काय क्रमाने घडतं, शाळेची घंटा कुठल्या प्रवेशात वाजते, नट प्रेक्षकांच्या किती जवळ येतात. अशा मुलांसाठी दाराजवळची जागा ठेवा आणि बाहेर जाऊन परत यायची मुभा द्या, असंही लिहिलं होतं. दोन मुलं बाहेर गेली, दोन्ही परत आली, नट विचलित झाले नाहीत.

बोलावणार असाल तर सहावी-सातवीसाठी डोळे झाकून बोलवा. आधी बैठक मागा, शिक्षिकेच्या पात्राबद्दल विचारा, कार्यशाळा कोण घेणार ते नक्की करून घ्या आणि नाटक व कार्यशाळा यांच्यात दोन-तीन दिवसांपेक्षा जास्त अंतर पडू देऊ नका. आठवीपुढच्या वर्गांसाठी नुसता प्रयोग आणि नंतरची चर्चा घ्या, लेखनाची कार्यशाळा सध्या नको. आम्ही पुढच्या सत्रासाठी सहावीच्या नव्या तुकड्यांना त्यांचीच तारीख मागितली आहे, आणि आठवीच्या कार्यशाळेसाठी सूत्रधार ताईच हवी, असं स्पष्ट कळवलं आहे.