कॅमेऱ्याचा वेबकॅम: स्वस्त डोंगल की कॅम लिंक?

कॅमेरा वेबकॅम म्हणून वापरायचा, तर त्याच्या एचडीएमआय केबलमधलं चित्र यूएसबीने लॅपटॉपला देणारं कॅप्चर कार्ड लागतं: एकतर स्वस्त डोंगल, नाहीतर एल्गाटो कंपनीचं कॅम लिंक ४के. आधी कॅमेरा तपासा. एचडीएमआयमधून बॅटरीची खूण, फोकसची चौकट असं काहीही न येता नुसतं चित्र बाहेर पडत नसेल, तर कुठलंही कॅप्चर कार्ड घेऊन उपयोग नाही.

स्वस्त डोंगलवर बहुतेकदा '४के' लिहिलेलं असतं. ते फक्त आत येणाऱ्या सिग्नलपुरतं. यातली बरीचशी यूएसबी २.० वर चालतात, म्हणजे सेकंदाला जास्तीत जास्त ४८० मेगाबिट. १०८०पी (फुल एचडी), सेकंदाला ३० फ्रेमचं न दाबलेलं (अनकॉम्प्रेस्ड) चित्र मात्र साधारण १००० मेगाबिट मागतं. मग डोंगल प्रत्येक फ्रेम जेपेगसारखी दाबून पाठवतं. केसांच्या कडा, साडीचं बारीक विणकाम, अंधुक कोपरे तिथे ते लगेच कळतं. लाल रंग तर हमखास फिसकटतो.

एल्गाटोचं कॅम लिंक ४के यूएसबी ३.० वापरतं. १०८०पी ६० फ्रेमने किंवा ४के ३० फ्रेमने, तेही न दाबता. किंमत मात्र कितीतरी पट, आणि जुन्या लॅपटॉपला ३.० पोर्ट नसेल तर पैसे वायाच.

ड्रायव्हर (वेगळं सॉफ्टवेअर) सहसा दोन्हींना लागत नाही.

रोजच्या मीटिंगसाठी मी डोंगलच घ्यायला सांगेन. मीटिंगचं अ‍ॅप चित्र पुन्हा दाबतंच, तिथे फरक जवळजवळ पुसला जातो. उरलेल्या पैशांत कॅमेऱ्याची डमी बॅटरी (कॅमेरा थेट विजेवर चालवणारी) आणि एक बरा दिवा घ्या. चेहऱ्यावरचा उजेड कार्डापेक्षा जास्त काम करतो. शिकवण्याचे व्हिडिओ रेकॉर्ड करून ठेवायचे असतील, तर मात्र कॅम लिंकसाठी थांबा, पैसे साठवा.