चुन्याच्या प्लास्टरचे पैसे घेतले आणि सिमेंट थापलं, जुनी घरं दुरुस्त करणाऱ्यांनी वाचा

आमचा वाईजवळच्या गावात जुना वाडा आहे, काळ्या दगडाचं जोतं, खाली भाजक्या विटा आणि माडीवर पांढऱ्या मातीच्या भिंती. दुरुस्ती काढली तेव्हा घरात सगळ्यांचं एकच म्हणणं होतं की सिमेंट नको. अशा भिंती ओल घेतात आणि सोडतात, वरून सिमेंट मारलं की ओल आतच कोंडते, लोणा धरतो (भिंतीवर क्षार फुटतात) आणि भिंतीत बसवलेल्या तुळयांची टोकं कुजायला लागतात.

म्हणून इको-फ्रेंडली रिस्टोरेशन करणारा एक कॉन्ट्रॅक्टर शोधला. बोलायला एकदम पक्का माणूस. चुनकळी (भाजलेला चुनखडीचा दगड) कशी विरवायची, चुन्याच्या घाणीत, म्हणजे दगडी चाकाच्या गिरणीत, चुना कसा मळायचा, हिरड्याचं आणि गुळाचं पाणी कशाला घालतात, सिमेंटची भट्टी १४५० अंशांपर्यंत तापवावी लागते आणि चुन्याची ९०० च्या आसपास, शिवाय चुना नंतर हवेतला कार्बन डायऑक्साइड परत ओढून घट्ट होतो, सगळं तोंडपाठ. आणि हे सगळं खरंच आहे हो, त्यात एक शब्द खोटा नव्हता! खोटा होता तो फक्त घमेल्यातला माल. दर सिमेंट प्लास्टरच्या तिप्पट, निम्मे पैसे ॲडव्हान्स.

गावातल्याच एका गवंड्याने शेवटी आईला सांगितलं, "काकू, ह्यात चुना नावालाच हाय, रंग पांढरा दिसावा म्हणून दोन घमेली टाकायला लावत्यात, बाकी सिमेंटच." मागच्या पडवीत ताडपत्रीखाली बघितलं तर व्हाइट सिमेंटची रिकामी पोती, नीट घड्या घालून ठेवलेली. विचारलं तर म्हणे मजबुतीसाठी थोडंसं घालावंच लागतं सर. पहिल्याच पावसाळ्यात माडीच्या भिंतीला फुगे आले, बोटाने वाजवलं की पोकळ वाजतं, आणि एका कोपऱ्यात परातीएवढा तुकडा मातीसकट सुटून खाली आला.

दुसरी गोष्ट जास्त जिव्हारी लागली. कडीपाटातले, म्हणजे लाकडी छतातले, काही सरे (आडवी लाकडं) वाळवीने खाल्लेत म्हणून काढले आणि भंगार म्हणून टेम्पोत घालून नेले. जुनं सागवान आहे ते, बाजारात हातोहात जातं! आमच्या एका नात्यातल्या सुताराने जे दोन सरे मागे राहिले होते ते तासून बघितले तर वरची जेमतेम बोटभर साल खराब, आत लाकूड खणखणीत. काढलेल्या सऱ्यांच्या जागी नवीन हलकं लाकूड पॉलिश मारून बसवलंय, आणि याला म्हणायचं पर्यावरणपूरक काम?

तुम्ही काम काढणार असाल तर कालवलेल्या मालाचा लिंबाएवढा गोळा रोज स्वतः उचला आणि पाण्याच्या ग्लासात टाकून ठेवा. साध्या चुन्याचा गोळा दोन दिवसांनीही बोटाने दाबला जातो, सुरखी (भाजक्या विटांची पूड) असेल तरी इतक्यात दगड होत नाही, सिमेंट मात्र पाण्यातच कडक होतं. काढलेल्या प्रत्येक लाकडाचा फोटो आणि माप ठेवा, आणि तुमच्या सुताराने बघितल्याशिवाय एकही तुकडा गेटबाहेर जाऊ देऊ नका. बिलावर "चुन्याचं प्लास्टर, सिमेंटविरहित" असं स्पष्ट लिहून घ्या, आमच्या बिलात नुसतं "प्लास्टर काम" आहे आणि कॉन्ट्रॅक्टरचा वकील आता तेच धरून बसलाय.

जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार केलीये, त्यासाठी दोन वर्षांची मुदत असते. पडलेल्या प्लास्टरचे तुकडे पिशवीत तारीख घालून ठेवलेत, आणि तो गवंडी साक्ष द्यायला तयार आहे.