धनकवडी ते पिंपरी: दुचाकी, बस की मेट्रो?

घर पुण्यात धनकवडीला आणि नोकरी पिंपरीत असेल, तर जाऊन-येऊन रोजचे ४० किलोमीटर होतात. मी हा रस्ता आधी दुचाकीने, मग काही महिने बसने केला आणि आता मेट्रोने करते. ज्यांना पहिल्यांदाच ठरवायचं आहे, त्यांच्यासाठी हा हिशेब.

दुचाकीपासून सुरू करू, कारण सगळे तिथूनच सुरू करतात. सिग्नलला थांबत-थांबत जाणारी गाडी लिटरला ४०-४५ च्या वर देत नाही. म्हणजे रोज साधारण एक लिटर. पेट्रोल १०४ धरलं, तर २४ दिवसांचे अडीच हजार झाले. ऑइल, ब्रेक शू, टायर वेगळे. शिवाय सातारा रोड, जेधे चौक, वाकडेवाडी, बोपोडी, हॅरिस पूल असं करत पोचेपर्यंत उजवं मनगट आखडतं. पावसाळ्यात रेनकोट घालूनही पँट गुडघ्याखाली भिजते आणि दिवसभर तशीच ओली घालून बसावं लागतं. ऑफिसला पोचल्यावर पहिली पंधरा मिनिटं माझं कामात लक्षच लागायचं नाही. हा खर्च पंपाच्या पावतीवर येत नाही, पण तो धराच.

पैशात बस सगळ्यात स्वस्त. जून २०२५ मध्ये पीएमपीएमएलचे दर वाढले, तरी महिन्याचा पास १५०० रुपयांत मिळतो आणि दिवसाचा ७० ला. कात्रज-निगडी बस याच बाजूने जाते, त्यामुळे बदलाबदलीही नको. पण वेळ बराच जातो. दीड तास धरून चाला, संध्याकाळी त्याहून जास्त, आणि जागा मिळेलच असं नाही. ऑफिसात वेळेची सक्ती नसेल आणि महिन्याला हजार रुपये वाचणं खरंच गरजेचं असेल, तर पास काढा. तो निर्णय चांगलाच आहे.

मेट्रो स्वारगेटपर्यंत आली २९ सप्टेंबर २०२४ ला, आणि माझा दिवस बदलला. मंडई, कसबा पेठ, जिल्हा न्यायालय, शिवाजीनगर, सगळं जमिनीखालून. स्वारगेट ते पीसीएमसी, म्हणजे पिंपरीचं स्टेशन, साधारण अर्धा तास. पुणे मेट्रोचं जास्तीत जास्त तिकीट ३५ रुपये, म्हणजे दोन्ही बाजूंचे फार तर ७०. घरापासून स्वारगेटपर्यंत बसचे १० आणि १०. एकूण ९०, महिन्याला २१६०. पेट्रोलच्या मानाने बचत तीन-साडेतीनशेचीच, हे आधीच सांगते. रिक्षाने स्वारगेट गाठायची सवय लावून घेतलीत, तर एका फेरीचेच ऐंशीच्या पुढे जातील आणि दुचाकी परवडली असं होईल. गाडी स्टेशनपर्यंत न्यायची म्हटली, तर लावायला जागा मिळेलच या भरवशावर निघू नका.

तरीही मी मेट्रोच सांगेन. सकाळी सरकत्या जिन्याने खाली उतरताना हात मोकळे असतात. मी आईला फोन करते, कधी पुस्तकाची वीस पानं होतात. घरी पोचल्यावर मुलीच्या अभ्यासाला बसायचं त्राण उरतं. माझ्या लेखी याची किंमत त्या साडेतीनशेपेक्षा कितीतरी मोठी आहे.

इलेक्ट्रिक स्कूटरचा विचार सोसायटीच्या पार्किंगमध्ये प्लग असेल तरच करा. रोजचा विजेचा खर्च १५-२० रुपयांत बसतो, पण सुरुवातीला लाखभर रुपये घालावे लागतात आणि मनगट तसंच आखडतं. ज्यांचं काम दिवसभर फिरतीचं आहे, त्यांना मात्र ती नक्की परवडेल.

ठरवण्याआधी एक करा. सोमवारी, नेहमीच्याच वेळी, घराच्या दारापासून ऑफिसच्या दारापर्यंत घड्याळ लावून एकदा मेट्रोने जा. शनिवार-रविवारी तिकिटात ३० टक्के सवलत असते, पण त्या दिवशीच्या रिकाम्या डब्यावरून अंदाज बांधू नका. आणि पिंपरीत उतरल्यावर ऑफिस किती लांब आहे ते चालून पाहा. दहा मिनिटांच्या आत पोचलात, तर दुसऱ्याच दिवशी मेट्रोचं कार्ड काढा.