खुडूक कोंबडीखाली की बल्बखाली? विकतची पिल्लं वाढवायची तर

एक कोंबडी खुडूक होऊन, म्हणजे अंडी घालणं थांबवून उबवायला, बसली आहे आणि हॅचरीची पिल्लं आणायचं ठरलं आहे, अशी वेळ आली की मनात एकच घोळत राहतं: पिल्लं तिच्याखाली सरकवावीत, की नसती जोखीम नको म्हणून खोक्यात बल्ब लावून वाढवावीत? मी दोन्ही करून पाहिलं आहे. बल्बवर दोन खेपा काढल्या, कोंबडीखाली चार. त्या चारांतली एक फसली, तिच्याबद्दलही सांगेन. माझा कल कुठे आहे ते वाचताना कळेलच, पण बल्बची बाजू लंगडी नाही, म्हणून आधी तीच मांडतो.

बल्ब लावला की वेळ आपल्या हातात राहते. कोंबडी काही आपल्या सोयीने खुडूक होत नाही. लेगहॉर्नसारख्या अंड्यांच्या जाती तर सहसा बसतच नाहीत. सिल्की किंवा कोचीन असेल तर ती वरचेवर बसते, पण पिल्लं मिळतील त्याच आठवड्यात बसेल याची खात्री कोण देणार? संख्येचाही प्रश्न आहे. मध्यम अंगाची कोंबडी दहा-बारा पिल्लं पंखाखाली घेते. थंडीच्या दिवसांत मी आठांच्या पुढे जात नाही, कारण कडेला राहिलेलं पिल्लू रात्रीत गारठतं. पंचवीस-पन्नास आणायची असतील तर कोंबडीचा विचार सोडलेला बरा. शिवाय बल्बखालची पिल्लं माणसाळतात, हातावरचे दाणे टिपतात, पायांत घोटाळतात. घरात लहान मुलं असतील तर हा आनंद मोठा असतो. लस टोचणं, गुदाशी वाळून बसलेली विष्ठा कोमट पाण्याने पुसणं, एखादं मलूल पिल्लू वेगळं काढणं ही कामंही खोक्यात सोपी जातात. कोंबडीखालचं पिल्लू काढायचं तर आधी तिच्या चोचीचा मार खावा लागतो.

उबेचं गणित ठाऊक असेलच: पहिल्या आठवड्यात 35 अंश सेल्सिअसच्या आसपास आणि मग दर आठवड्याला साधारण 3 अंश कमी. मी थर्मामीटर लावला होता, पण खरं सांगायचं तर दोनच दिवसांत त्याच्याकडे बघणं सोडलं. पिल्लं बल्बखाली एकमेकांवर चढून बसली की त्यांना थंडी वाजते आहे, आणि कडेला जाऊन चोच उघडी टाकून धापा टाकायला लागली की उकडतं आहे. मध्ये सैलसर पसरून झोपली की सगळं ठीक. बल्ब जाण्याची आणि वीज जाण्याची धास्ती मात्र कायम असायची. 250 वॅटचा बल्ब सुक्या भुशावर टांगायचा म्हणजे आगीचीही भीती, म्हणून मी तो साखळीने आणि वर तारेने असा दोनदा बांधायचो. रात्री दोनदा उठून बघत होतो. तरीही एवढ्या त्रासासाठी मी बल्ब सोडला नसता. चार-पाच आठवड्यांची जागरणं माणूस काढतो.

खरी अडचण सहाव्या आठवड्यात येते, आणि तिच्याबद्दल मला आधी कुणी नीट सांगितलं नव्हतं. तोवर पिल्लांना पिसं फुटलेली असतात, खोकं अपुरं पडू लागतं, धुळीचा थर घरभर बसतो, आणि त्यांना मोठ्या कोंबड्यांच्या खुराड्यात न्यावं लागतं. मोठ्या कोंबड्यांच्या लेखी ती सरळ परकी असतात. त्यांच्यात कुणी आधी खायचं, कुणी वरच्या दांडीवर बसायचं हे ठरलेलं असतं, आणि या नव्यांना त्यात जागाच नसते. पहिल्या खेपेला मी एका संध्याकाळी सगळी मिळून आत सोडली. दुसऱ्या दिवशी दुपारी पाहिलं तर एका पिल्लाच्या डोक्यावरची कातडी रुपयाएवढी सोललेली आणि ते अंडी घालायच्या पेटीमागे भिंतीला डोकं टेकून उभं. रक्त दिसलं की बाकीच्याही तिथेच टोचतात, हे तोवर फक्त ऐकलेलं होतं. ते पिल्लू जगलं, पण डोक्यावर पिसं यायला फार दिवस गेले आणि मोठ्या कोंबड्यांच्या वाऱ्याला ते पुढेही उभं राहिलं नाही.

दुसऱ्या खेपेला शहाणपण करून मध्ये जाळी लावली. एकमेकांना दिसतील पण टोचता येणार नाही, अशी. हाच रीतसर उपाय आहे आणि तो चालतो, मात्र त्याला तीन आठवडे गेले. तीन आठवडे पाण्याची दोन भांडी, खाद्याच्या दोन कुंड्या, दोन दारं, रोज दुहेरी साफसफाई. जाळी काढल्यावरही आठवडाभर पिल्लं खाद्याजवळ येऊन परत पळायची. सकाळी लवकर जाऊन त्यांना कोपऱ्यात वेगळं खायला घालायचं आणि त्या थोराड कोंबड्यांना हाकलत उभं राहायचं, हा माझा दिनक्रम झाला होता. पिल्लं वाढवण्याचं काम संपलं असं वाटत असताना ते नव्याने सुरू झालं होतं. त्याच जाळीपाशी उभा असताना मी ठरवलं की पुढच्या वेळी खुडूक कोंबडी मिळाली तर तिलाच विचारायचं.

कोंबडीखाली पिल्लं द्यायची तर तीन गोष्टी जुळाव्या लागतात. ती पक्की खुडूक हवी, पिल्लं अगदी लहान हवीत आणि काम रात्री व्हायला हवं. पक्की म्हणजे पंधरा दिवस तरी खोट्या अंड्यांवर बसलेली, पोटाखालची पिसं उपटून कातडी उघडी केलेली, हात जवळ नेला की फुगून गुरगुरणारी, दिवसातून एकदाच उठून खाऊन-पिऊन परत येणारी. 21 दिवस हा अंडी उबण्याचा हिशेब तिच्या अंगातच असतो. त्याच्या जवळपास पिल्लं आली तर तिला ते सहज पटतं. पिल्लं एक-दोन दिवसांची असावीत, फार तर तीन. पोटात ओढून घेतलेल्या बलकावर पिल्लू दोन-तीन दिवस तग धरतं, म्हणून तर हॅचरीतून ती दूरवर पाठवता येतात. नेमक्या याच दिवसांत आई कोण हे ते शिकत असतं.

माझी फसलेली खेप याच दोन गोष्टींवर फसली. कोंबडी बसून जेमतेम पाच दिवस झाले होते आणि पिल्लं दुकानात बल्बखाली आठवडाभर वाढलेली होती. घाई माझी होती. रात्री ती तिने पोटाखाली राहू दिली, पण उजाडल्यावर पिल्लं तिच्या हाकेला ओळखच देईनात, उजेडाकडे धावत सुटली. तिने दोघांना जोरात टोचलं. मी पहाटे तिथे होतो म्हणून दोन्ही वाचली, पण ती सगळी खेप शेवटी बल्बखालीच वाढली. म्हणून सांगतो, कोंबडीवर कितीही भरवसा असला तरी त्या रात्री खोकं आणि बल्ब तयार ठेवा, आणि उजाडायच्या आधी खुराड्याशी जाऊन बसा. डोळ्यांदेखत पारखून घेतल्याशिवाय कामाला जाऊ नका. एखाद्या कोंबडीला ते पटतच नाही, आणि तिच्यावर जबरदस्ती करून काही साधत नाही.

जुळलं की काय होतं तेही सांगतो. पूर्ण अंधार पडल्यावर, मंद उजेडाची बॅटरी बाजूला ठेवून, मी एकेक पिल्लू तळहाताखाली झाकून तिच्या पोटाखाली नेतो आणि येताना एक खोटं अंडं घेऊन येतो. तिची चोच बसली तर ती हाताच्या पाठीवर बसते, पिल्लाला लागत नाही. आत हात गेला की तिच्या उघड्या कातडीची ऊब जाणवते, तापलेल्या भाकरीसारखी. बाहेर जिवाच्या आकांताने चिवचिवणारं पिल्लू तिथे पोचलं की दोन क्षणांत गप्प होतं. पहिल्या दोन पिल्लांना ती गुरगुरते. तिसऱ्या-चौथ्याला तिचा आवाज बदलतो, घशातल्या घशात हलकं ‘कुक, कुक’ सुरू होतं. तो आवाज कानावर आला की मी बॅटरी विझवतो.

आजारांच्या बाबतीत मात्र बल्बचं पारडं जड आहे, हे मान्य करायला हवं. कोंबडीच्या अंगावर उवा असतील तर त्या पिल्लांवर चढतात, म्हणून ती बसल्याबसल्याच पंखांखाली आणि शेपटीपाशी तपासून घ्यावी. मरेक्स या कोंबड्यांच्या विषाणूजन्य रोगाची लस दिलेली पिल्लं आणली तरी प्रतिकारशक्ती यायला आठवडाभर तरी लागतो, आणि तेवढ्यात ती मोठ्या कोंबड्यांच्या जागेत आलेली असतात. माझ्याकडे यातून काही वाईट घडलं नाही, पण तुमच्या कळपात मरेक्स होऊन गेला असेल तर मी तुम्हाला कोंबडीचा आग्रह करणार नाही. खाद्याचं सोपं आहे: कोंबडी आणि पिल्लं दोघांनाही स्टार्टर, म्हणजे लहान पिल्लांचं खाद्यच द्या. लेअरच्या, म्हणजे अंडी देणाऱ्या कोंबड्यांच्या खाद्यातलं कॅल्शियम पिल्लांच्या मूत्रपिंडांना झेपत नाही, आणि कोंबडी तेव्हा अंडी देत नसल्याने तिला त्याची गरज नसते. पाण्याचं भांडं उथळ ठेवून त्यात खडे टाका.

अंड्यांचा तोटा हवा तर धरा, पण खुडूक कोंबडी तशीही अंडी देत नसते. पिल्लांमागे आणखी पाच-सात आठवडे जातात, इतकंच. पिल्लं माणसांना बुजतात हेही खरं. कोंबडीने वाढवलेलं पिल्लू माझ्या हातावर कधी चढलं नाही, आणि ते मला थोडं लागतं.

पण कोंबडीने वाढवलेल्या पिल्लांसाठी त्या जाळीची मला पुन्हा गरज पडली नाही. कोंबडीखालच्या पहिल्या खेपेला चौथ्या दिवशी ती पिल्लांना घेऊन बाहेर निघाली. ज्या थोराड कोंबडीने त्या पिल्लाचं डोकं सोललं होतं, ती मान पुढे काढून जवळ आली. आई दुप्पट फुगली, पंख जमिनीला टेकवले आणि एकदाच अंगावर गेली. थोराड कोंबडी बाजूला होऊन दाणे टिपायला लागली. पुढचे सहा आठवडे खाद्याच्या कुंडीपाशी त्या पिल्लांची जागा ठरलेली होती, आईच्या पायांशी. सातव्या आठवड्यात एका संध्याकाळी आईने त्यांना सोडलं आणि ती आपली जुनी दांडी धरून बसली. पिल्लं थोडा वेळ खाली घुटमळली, मग एकामागून एक खालच्या दांडीवर चढली. वरून कुणीही खाली वाकून टोचलं नाही.